बेरेनिसीच्या घरातला न्हावी

(आमच्या सामुदायिक रेडिओवर दोन भागांत झालेलं भाषण. बोलण्याची धाटणी ठेवूनच लिहून काढलं आहे.)



मागच्या वेळी मी हिवतापाच्या काचपट्टीबद्दल बोलले होते. बोट टोचून रक्ताचा थेंब घेतात, तो काचेवर पसरतात आणि मग आमच्यासारख्या बायका-माणसं मायक्रोस्कोपला डोळा लावून त्यात काय शोधतात, ते सांगितलं होतं. त्यानंतर एकीचा फोन आला. म्हणाली, "ताई, ताप आला की तुम्ही लोक डासाच्याच मागे लागता. डास सोडून दुसरा कुठला किडा असा रोग देतच नाही का?"

देतो ना. बिहारकडे काळा आजार आहे, तो वाळूमाशी देते. आफ्रिकेत झोपेचा रोग आहे, तो त्सेत्से नावाची माशी देते. पण हा प्रश्न ऐकला आणि मला आठवलं ते ब्राझीलमधलं एक लहानसं रेल्वे स्टेशन आणि तिथली एक दोन वर्षांची पोर. तिच्या रक्ताची जी काचपट्टी पाहिली गेली, तिच्याबद्दल मी नोकरीत लागल्यावर पहिल्यांदा वाचलं. सत्तावीस वर्षं काचपट्ट्या पाहून निवृत्त झाले, तरी ती गोष्ट डोक्यातून जात नाही. आज तीच सांगते.

आधी एक सांगून टाकते, म्हणजे कुणी घाबरणार नाही. हा आजार आपल्याकडे पसरत नाही. आपल्या खाटेतला ढेकूण चावतो, झोप मोडतो, पण हा रोग देत नाही.

गोष्ट एका बाईपासून सुरू होते. मिनास जेराइस हा ब्राझीलचा डोंगराळ, खाणींचा आणि कॉफीचा मुलूख. तिथं ओलिव्हेरा नावाच्या गावाजवळच्या मळ्यावर १८७९ साली कार्लोस जन्मला. पूर्ण नाव कार्लोस शागास. आपल्या पुस्तकांत चागास असं लिहितात, पण पोर्तुगीज बोलणारे शागास म्हणतात. गोव्याच्या जुन्या माणसांना विचारा, ते या शब्दाचा अर्थही सांगतील. शागास म्हणजे जखमा.

मुलगा चार वर्षांचा असताना बाप गेला. आई मारियाना, ऐन तरुण वयात विधवा, पदरी लहान मुलं. तिनं कॉफीचे मळे स्वतः सांभाळले. कार्लोसला दूर इतू गावच्या जेझुइट पाद्र्यांच्या शाळेत ठेवला. १८८८ साली ब्राझीलमधली गुलामगिरी कायद्यानं संपली. सुटलेले गुलाम मळ्यांवर चालून जात आहेत अशी आवई शाळेत पोचली आणि हा आठ-नऊ वर्षांचा पोरगा आई एकटी आहे म्हणून शाळेतून पळाला. शाळेनं नाव काढून टाकलं. मला ही हकिकत फार आवडते. पुढे मोठ्या मोठ्या सभांत याच माणसावर आरोप झाले तेव्हाही तो तसाच, शिस्तीपेक्षा आतलं ऐकणारा होता.

आईच्या मनात त्यानं खाणींचा इंजिनिअर व्हावं असं होतं. त्या मुलुखात तीच मानाची नोकरी. तो ओउरो प्रेतोला शिकायला गेला, तिथं आजारी पडून घरी परत आला. गावात त्याचा मामा डॉक्टर होता, स्वतःचं छोटं हॉस्पिटल चालवायचा. त्या मामानं भाच्याच्या मनात डॉक्टरकी भरवली आणि बहिणीचीही समजूत घातली. मारियाना सहजासहजी ऐकणारी बाई नव्हती, पण ऐकलं. १८९७ साली कार्लोस रिओला गेला. त्याच वर्षी आपल्या सिकंदराबादेत रोनाल्ड रॉसनं डासाच्या पोटात हिवतापाचा परजीवी पाहिला होता. जगभरचे तरुण डॉक्टर तेव्हा किड्यांची पोटं फाडून बघत होते, असं म्हटलं तरी चालेल.

रिओत मांगिन्योस म्हणून जागा आहे. तिथं ओस्वाल्दो क्रूझ नावाच्या डॉक्टरांची संस्था होती. कार्लोसनं आपला पदवीचा प्रबंध तिथंच केला, हिवतापात रक्तात काय बदल होतात यावर. १९०३ साली तो डॉक्टर झाला, पुढच्या वर्षी इरिस लोबो हिच्याशी लग्न झालं आणि १९०५ मध्ये त्याला सांतोस बंदराच्या कंपनीनं हिवताप आवरायला बोलावलं. तिथं त्यानं एक साधी गोष्ट ओळखली. लोक दलदली उपसत होते, डबकी बुजवत होते. याला दिसलं की माणसाला डास चावतो तो घरात, आणि रक्त पिऊन जड झालेला डास बसतो तोही घरातच, भिंतीवर. मग घरातच धुरी का देऊ नये? त्यानं घरं बंद करून धुरी दिली आणि ताप खाली आला. तुमच्या गावात फवारणीवाले येतात, घरातली भांडी-कपडे बाहेर काढायला लावतात आणि आतून भिंतींवर फवारा मारतात, तेव्हा तुम्ही कुरकुरता. मीही कुरकुरत होते. पण त्यामागचा विचार हाच आहे.

आता येते ती खरी जागा.

१९०७ साली रेल्वेची एक लाईन उत्तरेकडे पिरापोराच्या दिशेनं चालली होती. वाटेत एक नदी आहे, रिओ दास वेल्यास, म्हणजे म्हाताऱ्या बायकांची नदी. त्या खोऱ्यात मजूर हिवतापानं असे आडवे झाले की काम थांबलं. क्रूझनी शागासला तिथं पाठवलं. सोबत बेलिसारिओ पेन्ना हे दुसरे डॉक्टर होते. लासांस नावाच्या नव्या स्टेशनपाशी मुक्काम पडला. राहायला घर नव्हतं, म्हणून रेल्वेचा एक डबाच दिला. त्याच डब्यात खाट, त्यातच मायक्रोस्कोप, त्यातच रोगी तपासायचे. वर्षभराच्या वर तो माणूस असा राहिला.

हिवताप होताच. पण शागासला आणखी काही दिसत होतं, जे हिवतापात बसत नव्हतं. तरणीताठी माणसं छातीत धडधडतं म्हणून येत. नाडी पाहिली तर तिचा ताल चुकलेला. काहीजण काम करता करता कोसळून मरत. काहींना घास गिळता येत नसे. त्या भागात लोक त्याला घास अडकण्याचा रोग म्हणत आणि नशीब म्हणून सोडून देत. कारण कुणाला ठाऊक नव्हतं.

शागासला सवय होती, दिसेल त्या प्राण्याचं रक्त काचपट्टीवर घ्यायचं. तिथल्या मार्मोसेट नावाच्या चिमुकल्या माकडांच्या रक्तात त्याला एक वळवळणारा, शेपटीवाला परजीवी सापडला. या जातीला ट्रिपॅनोसोमा म्हणतात. ज्यांनी मायक्रोस्कोपखाली जिवंत ट्रिपॅनोसोमा पाहिला नाही त्यांना कसं सांगू? लाल पेशींच्या गर्दीत जणू एखादा बारीक मासा सापडलाय आणि तो सुटायला धडपडतोय, पेशींना ढुशा देतोय. हा मात्र माकडाचा परजीवी निघाला. माकडालाही त्याचा त्रास नव्हता. शागासनं त्याला नाव दिलं आणि पुढे गेला.

आणि मग १९०८ मध्ये रेल्वेचे एक इंजिनिअर, कांतारिनो मोत्ता, त्याला म्हणाले की इथल्या घरांत एक किडा आहे, तो रात्री लोकांचं रक्त पितो, तुम्ही पाहिलात का? पिरापोराच्या वाटेवर इंजिनिअर लोकांच्या तळावर मुक्काम होता तेव्हाची ही गोष्ट.

इथं मी जरा थांबते. शागासला त्या भागात येऊन तेव्हा वर्ष उलटलं होतं. त्या घरांतल्या बायकांना तो किडा जन्मापासून माहीत होता. पोराच्या अंगावरून त्या तो रोज झटकत असतील. पण डॉक्टरला किड्याबद्दल सांगितलं ते इंजिनिअरनं. शागास मोठा माणूस, यात वाद नाही, पण आम्हा दवाखान्यातल्या लोकांची ही खोड जुनी आहे. आम्ही रोग्याचं रक्त घेतो, आणि घरात काय काय चावतं ते विचारायचं राहून जातं.

किडा कसा होता ते सांगते. आपल्या ढेकणाचा दूरचा भाऊबंद, पण आकारानं कितीतरी मोठा. अंगठ्याच्या पेराएवढा, काळपट, पाठीवर तांबडे ठिपके, आणि मोठा झाला की पंख असलेला. दिवसा दिसायचा नाही. दिवा मालवला की भिंतीतून, छपरातून उतरायचा आणि झोपलेल्या माणसाच्या उघड्या अंगावर बसायचा. उघडं काय असतं? पांघरुणाबाहेर तोंडच असतं. म्हणून तो चावायचा गालाला, ओठाला, डोळ्याजवळ. लोकांनी त्याला नाव ठेवलं होतं बार्बेरो, म्हणजे न्हावी. दिवा लावला की पळून भेगेत शिरायचा. चावा असा हलका की झोपलेलं मूल जागं होत नसे.

आणि घरं कशी होती? हे ऐकून तुम्हाला नवल वाटेल. बांबूच्या आणि फांद्यांच्या जाळीवर चिखल थापलेल्या भिंती, वर गवताचं छप्पर. म्हणजे आपलं कुडाचं घर! फरक इतकाच की तिथं भिंत वर्षानुवर्षं तशीच राहायची. चिखल वाळला की भेगा पडायच्या, आणि एका भिंतीत असे शेकडो किडे राहायचे. ज्यांच्या हाती जमीन नाही, आज या मळ्यावर तर उद्या त्या, त्यांनी भिंत लिंपायची तरी कुणासाठी?

शागासनं किडे पकडले, पोट फाडून पाहिलं. आतड्याच्या शेवटच्या भागात शेपटीवाले परजीवी वळवळत होते. आता प्रश्न असा, की हा किड्याचाच निरुपद्रवी पाहुणा आहे, की कुठल्या प्राण्याच्या रक्तात जाणारा आहे? माकडाला चाववून पाहावं, तर लासांसच्या माकडांच्या रक्तात आधीच दुसरा ट्रिपॅनोसोमा होता, म्हणजे घोळ होणार. ही सावधगिरी मला फार मोलाची वाटते. त्यानं घाई केली नाही. किडे डबीत घालून रिओला क्रूझकडे पाठवले. तिथं रोग नसलेली माकडं होती. क्रूझनी त्यांना ते किडे चावू दिले. साधारण महिन्याभरानं माकडांच्या रक्तात परजीवी दिसले, आणि ते लासांसच्या माकडांतल्यापेक्षा वेगळे होते. शागास रिओला धावला, स्वतः पाहिलं, नव्या परजीवीला गुरूचं नाव दिलं: ट्रिपॅनोसोमा क्रूझी. डिसेंबर १९०८ मध्ये त्यानं ते टिपण लिहिलं.

बघा, काय उलटा क्रम आहे. नेहमी आधी रोग माहीत असतो. मग वर्षानुवर्षं शोधून जंतू सापडतो, आणि तो कोण पसरवतो ते शेवटी कळतं. इथं किडा सापडला, मग परजीवी सापडला. रोग मात्र अजून सापडायचा होता. शागासला खात्री होती की घरात राहणारा, माणसाचं रक्त पिणारा किडा असा परजीवी पोटात घेऊन फिरतो, तर कुठंतरी माणूस आजारी असणारच.

तो परत लासांसला गेला आणि घराघरांत रक्त तपासू लागला. माणसांत काही मिळेना. एका घरातल्या मांजराच्या रक्तात परजीवी मिळाला. आणि मग १४ एप्रिल १९०९ रोजी त्याच घरातल्या दोन वर्षांच्या मुलीची काचपट्टी त्यानं पाहिली. तिचं नाव बेरेनिसी. अंगात कडक ताप, तोंड सुजलेलं, गाठी आलेल्या, प्लीहा आणि यकृत हाताला लागत होतं. तिच्या रक्तात तो होता. मांजरातला, माकडातला, किड्यातला, तोच.

शागास तेव्हा तिशीच्या आत होता. आठवड्याभरात, २२ एप्रिलला, रिओच्या वैद्यकीय अकादमीत क्रूझनी ही बातमी वाचून दाखवली.

त्या काचपट्टीचा विचार माझ्या मनात येतो तो माझ्या एका चुकीमुळे. नोकरीच्या चौथ्या-पाचव्या वर्षी पावसाळ्यात तापाच्या शंभरएक काचपट्ट्या साचल्या होत्या. त्यात एका लहान मुलीची मी पाहिली आणि "काही नाही" असं लिहून पुढे गेले. दोन दिवसांनी ती पुन्हा आली, आईच्या खांद्यावर मान टाकलेली. आमच्या डॉक्टरबाईंनी जुनी काचपट्टी पुन्हा पाहायला लावली. होता, एका कडेला, हिवतापाचा परजीवी. पोरगी वाचली. पण त्या दिवसापासून कडेकडेनं पाहिल्याशिवाय मी काचपट्टी सोडली नाही. बेरेनिसीच्या घरात आधी मांजराच्या रक्तावर समाधान मानून शागास थांबला असता तर काय, असं मला राहून राहून वाटतं.

पुढचं भराभर सांगते. १९१२ साली जर्मनीतल्या हाम्बुर्गच्या संस्थेनं त्याला मोठं पारितोषिक दिलं. नोबेलसाठी त्याचं नाव दोनदा गेलं, १९१३ आणि १९२१ मध्ये. मिळालं नाही. १९१७ साली क्रूझ वारले आणि मांगिन्योसची संस्था याच्या हाती आली. १९१८ च्या तापाच्या साथीत रिओची व्यवस्था त्यानं पाहिली. १९२० पासून सगळ्या देशाचं आरोग्य खातं त्याच्याकडे होतं, आणि त्याच काळात, १९२३ मध्ये, अमेरिकेहून आलेल्या परिचारिकांच्या मदतीनं रिओत परिचारिकांची शाळा सुरू झाली. तिला पुढे आना नेरी या युद्धात जखमींची सेवा केलेल्या बाईचं नाव दिलं. ब्राझीलमधल्या शिकलेल्या परिचारिकांच्या पिढ्या त्या शाळेतून निघाल्या.

पण चुका? होत्या ना. मोठ्या होत्या. लासांसच्या भागात गळ्याला गलगंड झालेली माणसं खूप होती. शागासला वाटलं हाही याच परजीवीचा प्रताप. ते चूक होतं. गलगंड आयोडीन कमी पडल्यानं होतो, हे आज शाळेतली पोरंही सांगतील. प्राण्यांच्या फुप्फुसात त्याला जे दिसलं आणि जे त्यानं आपल्याच परजीवीचं रूप समजलं, तो वेगळाच जीव निघाला. आणि रोग लागतो तो चाव्यातून असं त्याला वाटत होतं, तेही बरोबर नव्हतं. १९१२ साली ब्रुम्प्त या फ्रेंच शास्त्रज्ञानं दाखवलं, की किडा रक्त पिता पिता तिथंच घाण करतो, परजीवी त्या घाणीत असतो. खाज सुटते, झोपेत माणूस खाजवतो, ती घाण जखमेत नाहीतर डोळ्यात जाते. रोग असा शिरतो.

गलगंडाची चूक त्याला फार महागात पडली. आर्जेंटिनातल्या क्राउस नावाच्या शास्त्रज्ञानं १९१५ च्या सुमारास तपासणी केली. किडे सापडले, किड्यांत परजीवी सापडले, पण गलगंडाच्या माणसांत रोग दिसेना. मग लोक म्हणू लागले, की रोगच खोटा असेल. १९२२ मध्ये रिओच्या त्याच अकादमीत, जिथं तेरा वर्षांपूर्वी टाळ्या पडल्या होत्या, आफ्रानिओ पेशोतो या नामांकित डॉक्टरनं जाहीरपणे शंका काढली: कुठं आहेत तुमचे रोगी? लासांस सोडून कुठं दिसतो का हा रोग? शागास तेव्हा आरोग्य खात्याचा प्रमुख होता, शत्रूही बरेच झाले होते. समिती बसली. वर्षभर वाद चालला. समितीनं शोध त्याचाच असं मान्य केलं, पण रोग किती पसरला आहे यावर ठाम बोलणं टाळलं.

यात नुसता मत्सर होता असं मला वाटत नाही. खेड्यातला ब्राझील आजारी आहे हे ऐकणं शहरातल्या लोकांना नकोच होतं. १९१६ मध्ये मिगेल पेरेरा या डॉक्टरनं सगळा देशच एक मोठं हॉस्पिटल झालाय असं बोलून दाखवलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. परदेशातून मजूर यावेत, कॉफी विकली जावी, तर देशाचं नाव चांगलं हवं. आणि हा माणूस सांगत होता की कुडाच्या घरात राहणाऱ्यांची काळजं आतून पोखरली जाताहेत. ज्यांची काळजं ती, त्यांना अकादमीत बोलावलं नव्हतं.

आणि रोगच असा आहे की रोगी दिसत नाही. सुरुवातीचा ताप महिना-दोन महिन्यांत जातो, बहुतेकांना तर तोही जाणवत नाही. मग वीस-तीस वर्षं माणूस धडधाकट. परजीवी मात्र काळजाच्या स्नायूत लपून बसलेला असतो. पुढे दर तिघांपैकी जवळजवळ एकाचं काळीज खराब होतं, मोठं होतं, ठोके चुकतात. काहींची अन्ननलिका नाहीतर मोठं आतडं फुगतं. तोच तो घास अडकण्याचा रोग. त्याचा या परजीवीशी असलेला संबंध पक्का व्हायला १९५० नंतरची वर्षं उजाडली.

शागास १९३४ च्या नोव्हेंबरात हृदयविकारानं गेला. वय पंचावन्न. वाद तेव्हाही पुरता मिटला नव्हता.

मिटवला तो आर्जेंटिनातल्या डॉक्टरांनी. साल्वादोर माझ्झा नावाच्या डॉक्टरनं रेल्वेच्या डब्यातच प्रयोगशाळा केली. बघा, पुन्हा रेल्वेचा डबा! तो डबा घेऊन तो गावोगाव फिरला आणि शेकड्यांनी रोगी शोधून काढले. १९३५ साली सेसिलिओ रोमान्या यांनी एक खूण सांगितली: लहान मुलाचा एकच डोळा अचानक सुजला, दुखत मात्र नाही, तर रक्त पाहा. ही खूण ओळखायला मायक्रोस्कोप लागत नाही, आईही ओळखू शकते. ती कळल्यावर जिकडे तिकडे रोगी दिसू लागले.

पुढे घरांतून औषध फवारणं, भिंती लिंपून भेगा बुजवणं, गवती छपरं काढणं, रक्तपेढीतलं रक्त तपासणं, हे सगळं वर्षानुवर्षं चाललं. १९९१ साली दक्षिणेकडच्या देशांनी मिळून मोहीम काढली, आणि २००६ मध्ये ब्राझीलनं त्या किड्याच्या मुख्य घरगुती जातीपासून रोग पसरणं थांबल्याचं प्रमाणपत्र मिळवलं. रोग संपला मात्र नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबानं अजून साठ-सत्तर लाख लोकांच्या अंगात हा परजीवी आहे. आईकडून पोटातल्या बाळाला तो जातो. बेन्झनिडाझोल आणि निफुर्टिमॉक्स ही दोन औषधं आहेत. जन्मलेल्या बाळाला लवकर दिली तर बाळ जवळजवळ हमखास बरं होतं. पण गर्भारपणात ती देता येत नाहीत. म्हणून तिथल्या बायकांची तपासणी मूल राहण्याआधीच करावी यावर आता भर आहे. १४ एप्रिल हा दिवस २०२० पासून जगभर या रोगाचा दिवस म्हणून पाळतात. ती तारीख बेरेनिसीच्या काचपट्टीची आहे.

तुम्ही विचाराल, ती पोर पुढे जगली का? जगली. मोठी झाली, पन्नाशीला आली. शागास जाऊन पंचवीसएक वर्षं झाल्यावर डॉक्टरांनी तिला शोधून काढलं आणि १९६२ मध्ये तिच्या रक्तातून परजीवी पुन्हा वेगळा केला. अर्धं शतक तो तिच्या अंगात होता, आणि तिच्या काळजाला त्यानं काही केलं नव्हतं. १९७८ मध्ये पुन्हा रक्त घेतलं, पुन्हा सापडला. काहींचं काळीज तो खातो आणि काहींना का सोडतो, हे अजून नीट उलगडलेलं नाही. १९८१ मध्ये, सत्तरी ओलांडून, ती गेली. तिच्या रक्तातल्या परजीवीचे ते दोन वंश, बेरेनिसी-६२ आणि बेरेनिसी-७८, प्रयोगशाळांमध्ये आजही वाढवतात आणि नवी औषधं त्यांच्यावर करून पाहतात.

जाता जाता आपल्याकडचं एक सांगायचंय, कारण फोन करणाऱ्या बाईंचा प्रश्न आपल्याकडच्या किड्यांचा होता. जनावरं पाळणाऱ्यांना सर्रा रोग माहीत आहे. जनावर तापतं, खंगतं, चक्राकार फिरतं. काही इंग्रजी कोश म्हणतात, हा शब्द नाकातून सूं सूं श्वास टाकण्यावरून मराठीतूनच तिकडे गेला. तोही ट्रिपॅनोसोमाच, शागासच्या परजीवीचा चुलतभाऊ. १८८० साली लष्करातले जनावरांचे डॉक्टर इव्हान्स यांनी पंजाबात, डेरा इस्माईल खानला, घोड्या-उंटांच्या रक्तात तो शोधला. जनावरांना चावणाऱ्या मोठ्या माश्या तो इकडून तिकडे नेतात. माणसाला तो होत नाही, असंच आम्हाला शिकवलं होतं.

आणि मग चंद्रपूर जिल्ह्यातला एक शेतकरी. ताप यायचा, जायचा, पुन्हा यायचा, असे महिने गेले. त्याच्या रक्ताच्या काचपट्टीवर वळवळणारे परजीवी दिसले. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉक्टरांनी तपास केला. तो जनावराच्या सर्राचाच परजीवी निघाला. २००५ मध्ये ही हकिकत प्रसिद्ध झाली, भारतात माणसात पक्की सिद्ध झालेली पहिली. आफ्रिकेतल्या झोपेच्या रोगावरचं सुरामिन हे औषध देऊन तो बरा झाला. पुढे कळलं की आपल्या सगळ्यांच्या रक्तात एक प्रथिन असतं, ते या परजीवीला मारतं. या माणसाच्या रक्तात जन्मापासून ते नव्हतंच. मग त्या भागातल्या लोकांची रक्तं तपासली. दुसऱ्या कुणात परजीवी सापडला नाही.

ती बातमी मी दवाखान्यात दुपारच्या डब्याच्या वेळी वाचली. डबा तसाच ठेवून उठले आणि सकाळच्या ज्या काचपट्ट्यांवर "काही नाही" लिहिलं होतं, त्या पुन्हा काढून बसले. त्यांत काही नव्हतंच. चार वाजले होते.